व्हिनियरच्या कडा सरळ कापण्याची जिग : मोजमाप, बांधणी आणि वापर

व्हिनियरचे, म्हणजे फर्निचरवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, दोन ताव शेजारी ठेवून त्यांच्यामधला सांधा दिसेनासा करायचा असेल, तर दोन्ही कडा सरळ असून भागत नाही. त्या एकमेकींना अनुरूप असाव्या लागतात. बाजारात मिळणारा ताव साधारणपणे ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो. इतका पातळ ताव पट्टी ठेवून सुरीने कापायला गेले, की सुरी लाकडाच्या रेषांमागे वाहवत जाते. रेषा तिरक्या असतील तर कड दातेरी होते आणि गाठीपाशी किंवा मुळाच्या नक्षीदार लाकडात ढलपी उडते. एकट्या तावाला आधार नसल्यामुळे हे घडते. सगळे ताव एकावर एक रचून दोन जाड फळ्यांमध्ये गच्च आवळले आणि मग बाहेर राहिलेली किनार राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड छाटणाऱ्या यंत्राने, छाटली, तर ती गड्डी छाटताना एखाद्या घन लाकडासारखी वागते. या लेखातली जिग म्हणजे आवळणाऱ्या अशा दोन फळ्यांचीच जोडी आहे.

पहिल्यांदा मी अशी जिग केली तेव्हा सगळे लक्ष कड सरळ करण्यावर दिले. दोन एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीच्या) पट्ट्या, दोन टोकांना दोन बोल्ट, एवढेच तिचे स्वरूप होते. कड खरोखरच सरळ होती. तरीही उघडलेल्या तावांच्या सांध्यात दोन्ही टोकांना काही दिसत नसे आणि मध्ये मात्र केसाएवढी फट राहत असे. बोल्ट टोकांना आवळले की फळी मध्यावर किंचित उचलली जाते, तिथले ताव सैल राहतात आणि बिटाच्या (राउटरच्या फिरत्या पात्याच्या) धक्क्याने थरथरतात, हे कळायला मला चार चांगले ताव वाया घालवावे लागले. म्हणून कडेच्या सरळपणाइतकाच मध्यावरच्या दाबाचाही विचार करून पुढची रचना केली आहे.

रचना कशी आहे

मी दिलेली मापे १२०० मिमी लांबीपर्यंतच्या तावांसाठी आहेत. खालची फळी, म्हणजे तळफळी, १४०० मिमी लांब, २०० मिमी रुंद आणि ३६ मिमी जाड आहे. १८ मिमीचे दोन प्लायवुड किंवा एमडीएफ एकमेकांना चिकटवून ती तयार होते. वरची फळी १४०० मिमी लांब, १६० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड आहे. दोघींना ताठ ठेवण्यासाठी कठीण लाकडाचे तीन कणे लागतात आणि प्रत्येकाचा छेद ४५ × ६० मिमी असतो. एक कणा वरच्या फळीवर येतो आणि दोन तळफळीखाली बसतात. आवळण्यासाठी १० मिमी जाडीच्या आट्यांच्या दोन सळ्या, नट, रुंद वॉशर आणि हाताने फिरवता येतील असे दोन नट लागतात.

सळ्या फक्त टोकांना का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मध्ये दोन-तीन बोल्ट दिले असते तर दाबाचा प्रश्नच उरला नसता. परंतु ताव बहुधा १५० ते ३०० मिमी रुंद असतात आणि जिगमधून मागच्या बाजूला आरपार बाहेर निघतात, त्यामुळे मधला बोल्ट नेमका तावाच्या वाटेत येतो. टोकाकडचे बोल्ट तेवढे तावांच्या लांबीबाहेर राहू शकतात. त्यामुळे मधला दाब कण्याला मुद्दाम बाक देऊन मिळवावा लागतो.

कण्याचा ताठपणा त्याच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, तर रुंदी दुप्पट केल्यास तो केवळ दुप्पट होतो. म्हणून ४५ × ६० चा कणा नेहमी उभा, म्हणजे ६० मिमीची बाजू उंचीत येईल असा बसवावा. हाताशी ७० मिमी उंचीचे लाकूड असेल तर तेच घ्यावे. मात्र त्याला बाक थोडा कमी द्यावा.

वरचा कणा पुढच्या कडेपासून किती मागे बसवायचा हे तुमच्या राउटरवर अवलंबून आहे. लहान ट्रिमर राउटरचा तळ साधारण ९० मिमी रुंद असतो. बिटाचा मध्य कडेच्या थोडा बाहेर राहत असल्यामुळे राउटर फळीवर सुमारे ४० मिमी आत येतो. कण्याचा मध्य कडेपासून ८५ मिमीवर ठेवला तर त्याची पुढची बाजू ६२ मिमीच्या आसपास येते आणि राउटर मोकळा फिरतो. दोन मुठींचा मोठा राउटर वापरायचा असेल, तर आधी तो फळीच्या कडेवर ठेवून मुठी कण्याला अडतात का हे पाहावे आणि त्यानुसार कणा मागे न्यावा व वरची फळीही तेवढीच रुंद करावी. माझ्या मते या कामाला लहान राउटरच बरा.

तळफळी आणि तिची कड

तळफळीच्या दोन थरांना चिकटवताना त्या एखाद्या खात्रीच्या सपाट पृष्ठभागावरच दाबाव्यात, कारण गोंद वाळताना फळीला आलेला पीळ नंतर निघत नाही. गोंद पूर्ण वाळल्यावर पुढच्या कडेला १० मिमी जाडीची कठीण लाकडाची लिपिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, चिकटवावी. बिटाच्या टोकाचे बेअरिंग, म्हणजे मोकळे फिरणारे छोटे चाक, या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरणार असते. नुसत्या एमडीएफची कड काही दिवसांनी दबते, प्लायवुडच्या कडेत एखादी पोकळी निघाली तर बेअरिंग तिथे आत शिरते आणि ती चूक प्रत्येक तावावर उमटते. काही जण ॲल्युमिनियमची पट्टी लावतात. ती झिजत नाही हे खरे, पण बिटाची उंची चुकीची बसली तर पाते धातूला लागते, म्हणून मी लाकूडच पसंत करतो.

आता कड सरळ करायची आहे. लांब रंधा असेल तर उत्तम; नसेल तर सरळ पट्टीच्या आधाराने राउटर चालवूनही काम होते. रंध्याने करताना पाते अगदी कमी बाहेर ठेवावे आणि आधी मध्यातला उंचवटा काढून मग पूर्ण लांबीचे सलग दोन-तीन फेरे मारावेत. किती सरळ म्हणजे पुरेसे, याचा हिशेब करून ठेवावा. दोन ताव एकत्र कापून पुस्तकासारखे उघडले की कडेतला कोनाचा दोष आपोआप जुळून जातो, कारण एकीकडे जेवढा उतार तेवढाच दुसरीकडे उलटा येतो. बाकाचा दोष मात्र दुप्पट होतो. जिगची कड मध्यावर ०.१ मिमी खोल असेल, तर उघडलेल्या सांध्यात ०.२ मिमीची फट दिसते आणि पॉलिश केल्यावर ती काळ्या रेघेसारखी उठून दिसते.

हाच दुप्पट होणारा दोष तपासणीसाठी कामी येतो. एका रुंद, सपाट प्लायवुडवर पांढरा कागद ताणून चिकटवावा, त्यावर तळफळी आडवी ठेवून टोकदार पेन्सिलीने कडेची रेघ ओढावी. मग फळी त्याच रेघेवरून पलीकडच्या बाजूला उलथवून, दोन्ही टोके पहिल्या रेघेच्या टोकांशी जुळवून दुसरी रेघ ओढावी. कड अचूक असेल तर दोन्ही रेघा एक होतात. मध्ये अंतर पडले तर जेवढे अंतर, त्याच्या निम्मी चूक कडेत आहे. छपाईचा नेहमीचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. पोलादी सरळपट्टी उपलब्ध असेल तर ती कडेला लावावी आणि त्या कागदाचा तुकडा कुठेही आत शिरत नाही ना, हे पाहावे. कागद शिरत नसेल तर ती कड या कामाला योग्य आहे. त्याहून सूक्ष्मतेच्या मागे लागण्यात अर्थ नाही; हवामान बदलले की लाकूड स्वतःच तेवढे हलते.

कड वरच्या पृष्ठभागाशी काटकोनात आहे का, हेही गुण्याने पाहावे. बेअरिंग गड्डीच्या खाली काही मिलिमीटरवर टेकते, त्यामुळे कड तिरकी असेल तर राउटर डोलतो.

तळफळीखालचे दोन कणे गोंद आणि स्क्रू दोन्हींनी पक्के बसवावेत. पहिला कणा वरच्या कण्याच्या अगदी सरळ खाली, म्हणजे कडेपासून ८५ मिमीवर यावा. दुसरा मागच्या कडेला लावावा आणि तो दोन्ही बाजूंना १०० मिमी बाहेर काढावा. या बाहेर आलेल्या कानांवर क्लॅम्प लावून जिग टेबलाला घट्ट धरता येते आणि पुढचा सगळा भाग मोकळा राहतो. कणे बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा कडेची तपासणी करावी. स्क्रू आवळताना फळी किंचित वळते, असा अनुभव येतो.

वरचा कणा आणि त्याचा बाक

वरच्या कण्याच्या खालच्या बाजूला मध्यावर फुगीर आणि टोकांना उचललेला असा बाक द्यायचा आहे. १४०० मिमी लांबीच्या, ६० मिमी उंचीच्या कठीण लाकडाच्या कण्याला ३ मिमी बाक पुरतो. मध्यबिंदूला काहीही काढायचे नाही, मध्यापासून टोकापर्यंतच्या निम्म्या अंतरावर सुमारे ०.८ मिमी आणि टोकाला पूर्ण ३ मिमी काढायचे. हे तीन बिंदू दोन्ही बाजूंना आखून एखादी लवचिक पट्टी वाकवून त्यांतून वक्ररेषा ओढावी आणि रंध्याने मध्याकडून टोकांकडे छाटत जावे. हात मध्यापासून बाहेर चालला की वक्र आपोआप सलग येतो. नट आवळून हा ३ मिमी बाक सरळ केला, की कणा सगळ्या लांबीवर मिळून साधारण ८० ते ९० किलोचा भार टाकतो; लाकडाच्या जातीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो, पण कामाला तो पुरेसा असतो.

कणा वरच्या फळीला गोंदाने चिकटवू नये. चिकटवला तर फळीही त्याच्याबरोबर वाकते आणि बाकाचा उपयोग निघून जातो. मध्यावर एक स्क्रू घट्ट बसवावा. मध्यापासून दोन्हीकडे ४०० मिमीवर एकेक स्क्रू मात्र सैल छिद्रातून, डोक्याखाली ३ मिमी जागा राहील असा घ्यावा. या दोन स्क्रूंचे काम फळी उचलताना तिला लोंबू न देणे, एवढेच आहे. स्क्रू वरून येत असल्यामुळे कण्यात आधी खोल, रुंद भोक पाडावे लागते आणि स्क्रू फळीत १४ मिमीपेक्षा जास्त उतरू नये याची काळजी घ्यावी लागते; टोक खालून बाहेर आले तर पहिल्याच वापरात तावाला भोक पडेल.

सळ्यांची भोके टोकापासून ३५ मिमीवर, कण्याच्या मध्यरेषेत, ११ मिमी व्यासाची पाडावीत. वरचा कणा, वरची फळी, तळफळी आणि खालचा कणा एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी भोक पाडले तर ती जुळतात. सळी सुमारे २२० मिमी लांब असावी. खालच्या टोकाचा नट कण्याच्या तळाशी खोबणीत बुडवावा, नाहीतर जिग टेबलावर डुगडुगते. तळफळी आणि वरची फळी यांच्यामध्ये सळीवर एकेक स्प्रिंग घातली तर नट सैल केल्यावर वरचा भाग आपोआप उचलला जातो. ताव सरकवताना एक हात मोकळा राहतो, म्हणून ही छोटी सोय मला फार आवडते.

सळीच्या भोकात एक मिलिमीटरचा खेळ असतो, त्यामुळे वरची फळी दर वेळी थोडी पुढेमागे बसू शकते. ते टाळण्यासाठी टोकापासून ७५ मिमीवर आणि पुढच्या कडेपासून १२० मिमीवर, दोन्ही टोकांना, १० मिमी व्यासाची एकेक खुंटी द्यावी. खुंटी ३५ मिमी लांब असावी. तिचा १५ मिमी भाग तळफळीत चिकटवावा आणि उरलेला २० मिमी भाग वरच्या फळीच्या भोकात घासत पण न अडकता सरकावा. ही भोके उभ्या ड्रिलवर पाडावीत. खुंटी तिरकी गेली तर पातळ गड्डीला नीट बसणारी फळी जाड गड्डीला अडते.

पकड देणारे अस्तर

गुळगुळीत फळ्यांमध्ये ताव सरकतात, म्हणून आतल्या बाजूंना काचकागद लावतात. इथे दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते.

पहिली गोष्ट अशी, की काचकागद कडेपर्यंत आणू नये. राउटरचे पाते काचकागदाच्या कणांना लागले की कार्बाइड असले तरी काही क्षणांत बोथट होते. उलट कागद १५ मिमी मागे ठेवला, तर कडेजवळच्या तावांना खालून-वरून आधार राहत नाही आणि नेमके तिथेच ढलपे निघतात. यावर उपाय म्हणून पुढच्या १५ मिमीमध्ये काचकागदाइतक्याच जाडीच्या कार्डपेपरची पट्टी चिकटवावी आणि तिच्या मागे २५ मिमी रुंदीची काचकागदाची पट्टी लावावी. जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून जुळवावी, ०.१ मिमीचाही फरक पकडीत जाणवतो. कार्डपेपर किंचित बाहेर ठेवला तर पहिल्या छाटणीत तो कडेशी बरोबर जुळतो आणि खराब झाला की सोलून दुसरा लावता येतो.

दुसरी गोष्ट फळीच्या तोलाची आहे. कणा कडेपासून ८५ मिमी मागे दाबतो. केवळ पुढे ४० मिमीचे अस्तर लावले तर फळी मागे कलते, तिची मागची कड तावांवर टेकते आणि पुढची कड उचलली जाते. त्यामुळे मागच्या ४० मिमीमध्येही तेवढ्याच जाडीची पट्टी लावणे आवश्यक आहे. मग दाब पुढच्या व मागच्या पट्ट्यांत जवळजवळ समान वाटला जातो आणि मधला भाग मोकळा राहतो. काचकागद १५० नंबरचा घ्यावा. त्याहून खरखरीत कागदाचे ठसे मऊ लाकडाच्या तावावर उमटतात. अस्तर लावण्याआधी सर्व लाकडी भागांना सीलरचे दोन हात द्यावेत, म्हणजे दमट हवेत एमडीएफ फुगत नाही.

वरच्या फळीची पहिली छाटणी

वरची फळी बांधताना तिची पुढची कड तळफळीच्या कडेच्या सुमारे १ मिमी बाहेर ठेवावी. ती आधीच नेमकी जुळवण्याच्या खटाटोपात पडू नये, कारण ते काम राउटरच करणार आहे. फ्लश ट्रिम बिट घ्यावे, ज्याच्या खालच्या टोकाला बेअरिंग असते आणि बेअरिंगचा व्यास पात्याच्या व्यासाइतकाच असतो. पात्याची लांबी किमान २५ मिमी हवी, म्हणजे १८ मिमीची फळी आणि सुमारे ६ मिमीची गड्डी तिच्यात मावते. जिगमध्ये टाकाऊ तावांची गड्डी घालून, आवळून, बेअरिंग तळफळीच्या कडेवर टेकवून एक फेरी मारावी. बेअरिंग जिथे थांबवते तिथेच पाते थांबते, त्यामुळे वरची फळी तळफळीशी तंतोतंत जुळते आणि दोघींमध्ये अडकलेल्या तावांच्या तंतूंना फाटायला जागाच उरत नाही. शेवटी तळफळीच्या कडेवर पातळ मेण चोळावे. तावांना मेण लागू देऊ नये. मेण लागलेल्या जागी गोंद आणि पॉलिश धरत नाही.

ताव तयार करणे

लहरी किंवा सुरकुतलेले ताव आधी सपाट करून घ्यावेत. ओलसर करून दाबलेले ताव पूर्ण कोरडे होईपर्यंत कापू नयेत. ओलसर ताव कापला तर वाळताना तो आकसतो आणि काल मिटलेला सांधा आज उघडतो.

एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या तावांचा क्रम मोडू देऊ नये. प्रत्येकाच्या कोपऱ्यात खडूने अंक घालावा आणि गड्डीच्या एका बाजूवर तिरकी रेघ ओढावी, म्हणजे एखादा ताव उलटा झाला तर रेघ तुटलेली दिसते. नक्षी जुळवताना लांबीच्या दिशेने ताव मागेपुढे सरकवून एखादी ठळक खूण, गाठ किंवा गडद पट्टा सगळ्या तावांत एकाच जागी आणावा. लागोपाठच्या तावांत ही खूण किंचित सरकत जाते, म्हणून शेजारच्या दोघांची जुळणी महत्त्वाची मानावी, पहिल्या आणि शेवटच्याची नव्हे. जुळले की दोन्ही टोकांना कागदी टेपने गड्डी बांधून टाकावी. एका वेळी १० ताव पुरेत; त्याहून जास्त घेतले तर पात्याची लांबी कमी पडते.

नक्षीदार मुळाचे लाकूड ठिसूळ असते. छाटायच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी कागदी टेप लावला तर ते कमी तुटते. कुठल्याही गड्डीच्या तळाशी आणि माथ्यावर एकेक टाकाऊ ताव ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

बसवणे आणि आवळणे

व्हिनियर सॉ किंवा सुरीने गड्डीची जादाची किनार आधी काढून टाकावी आणि जिगच्या बाहेर फक्त दीड मिलिमीटर राहील अशी ती बसवावी. जास्त किनार ठेवली तर ती आधाराविना बिटाखाली फडफडते.

ताव अरुंद असतील आणि मागच्या अस्तरापर्यंत पोहोचत नसतील, तर मागच्या पट्टीखाली त्याच जाडीचे, तितक्याच संख्येचे टाकाऊ तुकडे भरावेत. लांबीतही हाच नियम आहे. ९०० मिमीचे ताव १४०० मिमीच्या जिगमध्ये ठेवून नट आवळले, तर रिकाम्या टोकांकडे फळी खाली वाकते आणि मध्यावरचा दाब कमी होतो, म्हणून दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागेतही तुकडे भरावेत. हे काम कंटाळवाणे वाटते. मी तेवढ्यासाठी निरनिराळ्या रुंदीच्या तुकड्यांचा डबाच भरून ठेवला आहे.

दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत. कण्याची टोके खाली उतरून फळीला टेकली आणि कण्याखालची फट पूर्ण मिटली, की बाक सरळ झाला असे समजावे. त्यापुढे पाना लावून ओढू नये. मग कागदाची पट्टी मध्यावर, कडेच्या वरच्या व खालच्या बाजूने घुसवून पाहावी. ती शिरली तर बाक कमी पडतो आहे. अशा वेळी नट आणखी ओढण्याऐवजी कण्याच्या मध्यावर, फळी आणि कणा यांच्यामध्ये, जाड कागदाची एखादी घडी सरकवावी. ती पुरत असेल तर नंतर कण्याला तेवढा बाक कायमचा वाढवून द्यावा.

छाटणी

जिगची कड टेबलाच्या बाहेर ५० मिमी येईल अशी ठेवून मागच्या कानांवर क्लॅम्प लावावेत. बिट बसवताना राउटरची वायर सॉकेटमधून काढलेली असावी. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण आणि तोंडावर मास्क लावावा. व्हिनियरची धूळ अतिशय बारीक असते. बेअरिंग तळफळीच्या लाकडी कडेवर पूर्ण टेकते आहे, कार्डपेपरवर नाही, हे बिट थांबलेले असताना वाकून पाहावे.

राउटर फळीच्या वर आणि छाटायची कड तुमच्याकडे असेल, तर नेहमीची दिशा डावीकडून उजवीकडे असते. या दिशेने पाते लाकडाला विरोधात भिडते आणि राउटर ताब्यात राहतो. परंतु रेषा तिरक्या असतील तर याच दिशेने तंतू उचलले जातात. त्यासाठी मी आधी उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे, बेअरिंग कडेला न टेकवता अर्धा मिलिमीटर काढणारी एक हलकी फेरी घेतो. उलट्या दिशेत राउटर स्वतःहून पुढे पळू पाहतो, म्हणून दोन्ही हातांची पकड घट्ट ठेवावी आणि या फेरीत जास्त लाकूड काढण्याचा मोह टाळावा. ज्यांना राउटरची सवय नाही त्यांनी ही फेरी सोडून द्यावी आणि किनार एक मिलिमीटरच ठेवावी. त्यानंतर बेअरिंग कडेला टेकवून डावीकडून उजवीकडे सलग फेरी घ्यावी. १२०० मिमी लांबीला २० ते ३० सेकंद हा वेग मला योग्य वाटतो. मध्येच थांबले तर घर्षणाने कड करपते आणि करपलेल्या कडेत गोंद नीट मुरत नाही.

राउटरचा निम्म्याहून जास्त तळ फळीच्या बाहेर लटकत असतो, त्यामुळे दाबणारा हात नेहमी आतल्या बाजूला असावा. सुरुवात आणि शेवट या दोन जागी राउटर सर्वांत जास्त डोलतो. म्हणून गड्डीच्या दोन्ही टोकांना भरलेले टाकाऊ तुकडेही तेवढेच बाहेर ठेवावेत आणि राउटर त्यांच्यावरच चालू व बंद करावा. शेवटच्या तंतूंना पाठीमागून आधारही त्यांचाच मिळतो. एक फेरी झाल्यावर दुसरी फेरी घाई न करता पुन्हा त्याच मार्गाने घ्यावी. पहिल्या वेळी राहिलेला एखादा केस दुसऱ्या फेरीत निघतो.

जिग सोडण्याआधी बोटाने कड चाचपावी. दोन्ही फळ्या आणि गड्डी यांची मिळून एकच सलग बाजू लागली पाहिजे. मग नट सोडून शेजारचे दोन ताव पुस्तकासारखे उघडावेत, खिडकीच्या काचेवर धरावेत आणि सांध्यातून उजेड येतो का ते पाहावे.

चूक कुठे झाली हे ओळखणे

सांध्याच्या मध्यावर उजेड दिसला तर दोन शक्यता असतात. जिगची कड खोल आहे किंवा मध्यावर ताव दबलेले नव्हते. पहिल्या दोषात फट गुळगुळीत आणि सगळ्या तावांत सारखी असते. दुसऱ्यात कड थोडी लोकरीसारखी दिसते आणि गड्डीतल्या वरच्या व मधल्या तावांत फरक पडतो. टोकांना फट आणि मध्ये घट्ट, असे असेल तर कडेला मध्यावर फुगवटा आहे, आणि तो रंध्याने काढण्याशिवाय पर्याय नाही. एकाच ठिकाणी लहानसा खड्डा दर वेळी येत असेल तर लिपिंगवर गोंदाचा थेंब किंवा भुशाचा गोळा चिकटलेला असतो. भुसा बेअरिंगखाली दबून कडेवर कठीण थर बनतो, म्हणून प्रत्येक गड्डीनंतर कड कोरड्या फडक्याने पुसावी. कड सगळीकडे लोकरीसारखी येऊ लागली तर बिट बोथट झाले आहे असे समजावे.

केसाएवढ्या फटीसाठी ताव परत छाटण्याची गरज नसते. सांधा आडव्या टेपच्या लहान तुकड्यांनी ताणून घेतला आणि वरून ओल्या गोंदाचा व्हिनियर टेप लांबीने लावला, तर वाळताना तो टेप आकसतो आणि दोन्ही कडांना जवळ ओढतो. कागद शिरेल एवढी फट असेल तर मात्र ताव परत जिगमध्ये घालावेत. टेपने ओढलेला मोठा सांधा दाबात फुगून वर येतो.

समांतर दुसरी कड हवी असेल, तर छाटलेल्या कडेला मागून टेकायला तळफळीच्या मागच्या भागात एक सरळ पट्टी स्क्रूने बसवावी आणि पुढच्या कडेपासून तिचे अंतर दोन्ही टोकांना मोजून सारखे करावे. ताव तळफळीच्या रुंदीपेक्षा मोठा असेल तर ही पट्टी मागे काढलेल्या दोन आडव्या दांड्यांवर घ्यावी लागते.

ज्यांच्याकडे राउटर नाही, त्यांनी हीच जिग तिच्या मागच्या बाजूवर उभी करून, कड वर आणून, लांब रंध्याने छाटावी. रंध्याचा तळ दोन्ही फळ्यांच्या कडांवर घासत असल्यामुळे लिपिंग हळूहळू झिजते आणि दर काही गड्ड्यांनंतर रेघेची तपासणी पुन्हा करावी लागते. काम झाल्यावर नट सैल करून जिग भिंतीला टेकवून न ठेवता दोन आधारांवर आडवी ठेवावी. माझी दुसरी जिग एक पावसाळाभर कोपऱ्यात तिरकी उभी होती, आणि नंतर तिची कड पुन्हा सरळ करण्यात माझी एक अख्खी दुपार गेली.